‘नी चू त्साय ना-ली?’ : चीनमधून माल घेण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न



कौंडण्यपूरला कार्तिकातल्या जत्रेत कधी गेलात का? वर्धा नदीचा घाट, विठ्ठल-रुक्मिणीचं देऊळ, आणि खाली दुकानांच्या रांगा. तिथे कुठल्याही चहाच्या टपरीवर बसा. चहा हातात यायच्या आधी शेजारचा माणूस विचारणार, ‘कोन्या गावचे भाऊ?’ नाव नंतर, धंदा त्याहून नंतर. आधी गाव.

तुम्ही सांगता, ‘तिवसा.’ तो म्हणतो, ‘तिवस्यात कोणाकडचे?’ तुम्ही सांगता. मग तो तुमच्या मामाचं नाव काढतो. दोन मिनिटांत त्याला कळलेलं असतं की तुम्ही कोण, तुमच्यावर किती विश्वास ठेवायचा, आणि उद्या पैसे अडकले तर कोणाच्या दारात जाऊन बसायचं. आपल्या बापजाद्यांनी सगळा उधारीचा धंदा या एका प्रश्नावर केला.

आता गंमत बघा. हाच माणूस मोबाईलवर चीनमधलं मशीन बघतो. समोरून गोड इंग्रजीत मेसेज येतो, ‘हॅलो डिअर, बेस्ट प्राइस.’ आणि आपला गडी भाव विचारतो, वॉरंटी विचारतो, रंग विचारतो, पण ‘कोन्या गावचे?’ हे विचारत नाही. थेट ॲडव्हान्स पाठवतो.

मी पण पाठवला होता. म्हणून आजचा लेख.

माझी फजिती, थोडक्यात

बऱ्याच वर्षांपूर्वी मसाल्याचे छोटे पाऊच भरायचं एक मशीन मी चीनमधून मागवलं. फोटोत मोठा कारखाना, रांगेत मशीन, पांढऱ्या टोप्या घातलेले कामगार. तीस टक्के ॲडव्हान्स, माल निघण्याआधी बाकीचे सत्तर. सगळ्यांची हीच पद्धत असते, म्हणून मीही तेच केलं. मशीन आलं, चाललंही. चौथ्या महिन्यात पाऊच सील करणारा भाग तापेनासा झाला. समोरच्याला विचारलं, हा पार्ट पाठवा. तो म्हणाला, कारखान्याला विचारून सांगतो.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कारखान्याला विचारून? मग तू कोण? तो होता दलाल. ऑफिस एका शहरात, मशीन भलत्याच शहरातलं, आणि ज्याच्याकडून त्याने ते उचललं त्याच्याशी त्याचं बोलणं बंद झालेलं. लग्नसराईचा अख्खा सीझन माझं मशीन ताडपत्रीखाली झाकून पडलं. शेवटी आपल्याच एका मेकॅनिकने जुगाड करून तो भाग बसवला.

त्या माणसाने मला फसवलं असं मी म्हणणार नाही. मी विचारलंच नव्हतं, त्यामुळे त्याने सांगितलं नाही. माझी चूक एका वाक्याची होती. ते वाक्य आज चिनी भाषेत शिकू या.

वाक्य शिका : पाच अक्षरं, एक मिनिट

‘तुम्ही कुठे राहता?’ हे चिनी भाषेत असं विचारतात :

नी चू त्साय ना-ली?

नी म्हणजे तू किंवा तुम्ही. चू म्हणजे राहणे. त्साय म्हणजे आपला ‘त’ प्रत्यय, घरात, गावात यातला. ना-ली म्हणजे कुठे. उत्तर द्यायचं तर ‘वो चू त्साय अमरावती’. वो म्हणजे मी. झालं.

बघा, यात तीन गोष्टी आपल्या सोयीच्या आहेत.

पहिली, क्रियापद बदलत नाही. आपल्याकडे तो राहतो, ती राहते, ते राहतात, मी राहायचो. तिकडे सगळ्यांना ‘चू’. बाई असो, बुवा असो, एक असो, दहा असोत.

दुसरी, प्रश्नाचा शब्द उचलून पुढे आणावा लागत नाही. इंग्रजीत आधी ‘व्हेअर’ आणायचा, मग ‘डू’ घालायचा, तिथे आपली बोबडी वळते. चिनी भाषेत जिथे उत्तर येणार तिथेच ‘कुठे’ बसतं. आपलंही तसंच आहे. तुम्ही *कुठे* राहता? मी *अमरावतीला* राहतो. कुठे काढायचं, गाव घालायचं. म्हणून इंग्रजी कच्चं आहे म्हणून चिनी जमणार नाही, हा न्यूनगंड सोडा.

तिसरी गोष्ट उच्चाराची, आणि यात मराठी माणूस खरोखर पुढे आहे. आपल्याकडे दोन ‘च’ आहेत. चहातला एक, चुलीतला दुसरा. ‘त्साय’ मधला आवाज म्हणजे आपला चूल, चाक, चांगला यातला ‘च’. हिंदीवाल्याला तो शिकावा लागतो, तुम्ही पाळण्यापासून बोलता. ‘चू’ मधला ‘च’ मात्र चहातला. फक्त ‘ट’ म्हणताना जीभ जशी मागे वळते तशी वळवून म्हणायचा. आणि चहा हा शब्दच मूळचा चिनी आहे, तेव्हा एक शब्द तुम्ही रोज दहा वेळा बोलताच.

अजून एक. क आणि ख, त आणि थ, प आणि फ हा फरक चिनी भाषेत फार महत्त्वाचा आहे. आपण तो डोळे मिटून करतो. ज्या शहराला आपण बीजिंग म्हणतो त्याला तिथला माणूस ‘पेइ-चिंग’च्या जवळचं काहीतरी म्हणतो. म्हणून इंग्रजी स्पेलिंग वाचण्यापेक्षा कानाने ऐका आणि देवनागरीत लिहून ठेवा.

सूर चुकला तर खरेदीची विक्री होते

आता अवघड भाग. चिनी भाषेत सुराला अर्थ आहे. मुख्य सूर चार.

पहिला सरळ, वरच्या पट्टीत ‘सा’ लावून धरावा तसा. दुसरा चढणारा, आपण आश्चर्याने ‘काय?’ म्हणतो तसा. तिसरा खाली दबलेला, मनात नसताना ‘बरं…’ म्हणतो तसा. चौथा वरून खाली आपटणारा, पोराला ‘जा!’ म्हणून दटावतो तसा.

धंदेवाल्यांसाठी यातलं एकच उदाहरण पुरे. ‘माय’ तिसऱ्या सुरात म्हटलं की विकत घेणे. तेच ‘माय’ चौथ्या सुरात म्हटलं की विकणे. तुम्ही गेलात घ्यायला आणि आवाज आपटलात, तर समोरच्याला वाटेल हा विकायला आलाय!

आपल्या वाक्याचा सूर असा : नी दबून. चू आपटून. त्साय आपटून. ना चढवून. ली दबून, हलकं. ‘ना’चा मूळ सूर दबलेलाच आहे, पण दोन दबलेले सूर शेजारी आले की पहिला चढतो, हा तिथला नियम. लक्षात ठेवायची गरज नाही. व्हिडिओ लावा आणि दहा वेळा माझ्यामागे म्हणा.

उत्तरेकडचे लोक, विशेषतः पेइचिंगकडचे, ना-ली ऐवजी ‘नार’ म्हणतात. आपला माल बहुधा दक्षिणेकडून आणि पूर्वेकडून येतो, तिथे ‘ना-ली’ चालतं. एकच विचारताना बावरू नका, दोन्हीचा अर्थ ‘कुठे’च.

थेट घर विचारू नका, रीत पाळा

आता शहाणपणाची गोष्ट. पहिल्याच ओळखीत कुणा विक्रेत्या बाईला ‘तुम्ही कुठे राहता?’ विचारलं तर आपल्याकडेही भुवया उंचावतात. तिकडेही तसंच. म्हणून वाक्य तेच ठेवून थोडं फिरवायचं.

मोठ्या माणसाशी किंवा अनोळखी माणसाशी बोलताना ‘नी’ ऐवजी ‘निन’ म्हणा. आपलं ‘आपण’ जसं. सुरुवातीला ‘छिंग-वन’ लावा, म्हणजे ‘जरा विचारतो हं’.

धंद्याचा प्रश्न : छिंग-वन, कुंग-छांग त्साय ना-ली? म्हणजे, जरा सांगता का, कारखाना कुठे आहे? कुंग-छांग म्हणजे कारखाना.

ऑफिस विचारायचं असेल तर कुंग-छांग काढा, कुंग-स घाला. कुंग-स म्हणजे कंपनी. हे दोन शब्द वेगळे विचारा आणि दोन वेगळी उत्तरं घ्या. माझी सगळी फजिती या दोन शब्दांच्या मधल्या फटीत झाली होती.

आणि ओळख वाढवायची असेल तर सगळ्यात गोड प्रश्न : नी ष ना-ली रन? रन म्हणजे माणूस. कुठला माणूस तुम्ही? म्हणजे शब्दशः आपलं ‘कोण्या गावचे?’ उत्तर देताना तुम्ही म्हणा, ‘वो ष यिन-तू रन’, मी भारताचा माणूस.

इथे अजून दोन शब्द घ्या, तुम्हाला ते घरचे वाटतील. एक ‘लाओ-च्या’, म्हणजे मूळ गाव, जुनं घर. राहायला पुण्याला पण गाव कौंडण्यपूर, असं आपण सांगतो ना? ‘चू’ म्हणजे पुणे आणि ‘लाओ-च्या’ म्हणजे कौंडण्यपूर. दुसरा ‘लाओ-श्यांग’, म्हणजे गाववाला. परमुलखात आपल्या जिल्ह्याचा माणूस भेटला की आपण जसे खुश होतो, तसेच तेही होतात.

लाओ-च्या हा शब्द निव्वळ गप्पांचा नाही, धंद्याचा आहे. चिनी नववर्षाला, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास, कारखान्यातले कामगार आपापल्या लाओ-च्याला जातात. कारखाने बंद. सुट्टीच्या आधी ऑर्डरींची गर्दी, नंतर सगळं सुरळीत व्हायला वेळ. तुम्हाला उन्हाळ्याच्या सीझनसाठी मशीन हवं असेल आणि ऑर्डर जानेवारीत टाकली, तर तुमचं मशीन कामगाराच्या गावाहून परतण्याची वाट बघत बसेल. आपल्याकडे दिवाळीत मजूर गावी जातात तसाच हिशोब धरा.

एक शेवटची गंमत. कुणी तुमच्या चिनीचं कौतुक केलं तर म्हणा, ‘ना-ली, ना-ली’. कुठे, कुठे! म्हणजे आपलं ‘कुठलं काय हो!’ विनय दाखवायची रीत दोन्हीकडे सारखीच निघाली.

सोलापूरच्या डॉक्टरांनी हे कसं केलं

‘सर, या वयात चिनी कुठे शिकणार?’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक खरी गोष्ट.

1938 साली जपानशी लढणाऱ्या चीनने भारताकडे डॉक्टर मागितले. काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात दोघे आपल्याकडचे : नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. कोटणीस तेव्हा सत्तावीस वर्षांचे, मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेले. चिनीचा गंध नाही.

विचार करा. जखमी सैनिक समोर पडलाय. त्याला कुठे दुखतंय, कोणत्या गावचा, घरी कोण, हे विचारायला भाषा नाही. बाकीचे सहकारी यथावकाश परतले, कोटणीस राहिले. त्यांनी चिनी बोलायला, वाचायला शिकून घेतलं आणि पुढे तिथल्या विद्यार्थ्यांना त्यांच्याच भाषेत वैद्यक शिकवलं. 1941 मध्ये ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. त्याच वर्षी को छिंग-लान या परिचारिकेशी त्यांचं लग्न झालं. 1942 मध्ये मुलगा झाला, नाव ठेवलं यिन-ह्वा. यिन म्हणजे भारत, तुम्ही वर शिकलात तोच यिन-तू मधला. ह्वा म्हणजे चीन. त्याच वर्षी 9 डिसेंबरला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, डॉक्टर गेले. चीनमध्ये त्यांना ‘ख ती-ह्वा’ या नावाने ओळखतात आणि शि-च्या-च्वांग शहरात त्यांचं स्मारक आहे. व्ही. शांताराम यांनी 1946 साली त्यांच्यावर सिनेमा काढला, तो आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या आजोबांनी पाहिलाय.

डॉक्टरांचं काम सेवेचं, आपलं पोटापाण्याचं. बरोबरी करायची नाही. पण सत्ताविसाव्या वर्षानंतर, युद्धात, पुस्तकं-मोबाईल काही नसताना सोलापूरचा माणूस चिनी शिकला. आपल्याला पाच वाक्यं शिकायची आहेत. आणि बोलताना हे नाव जरूर काढा. विशेषतः वयस्क माणसाला ‘ख ती-ह्वा माझ्या राज्यातले’ सांगितलं, तर ओळखीचा धागा सापडू शकतो.

उत्तर आलं, आता त्याचं काय करायचं?

प्रश्न विचारणं सोपं. उत्तर वाचता आलं पाहिजे.

गावावरून माल ओळखा. आपण चादर म्हटलं की सोलापूर म्हणतो, पैठणी म्हटलं की येवला, डाळ मिल म्हटलं की अकोला. चीनमध्येही तसंच आहे. बारीकसारीक वस्तूंची घाऊक बाजारपेठ म्हणजे चच्यांग प्रांतातलं यीवू. खेळणी म्हणजे शांतौ शहराचा छंगहाय भाग. दिवे-झुंबर म्हणजे चुंगशानजवळचं कूचन. टाइल्स आणि फर्निचर म्हणजे फोशान. इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे शनचन. पॅकिंगची मशीन बनवणारे बरेच कारखाने वन्चौजवळच्या रुइआनला. आता समोरचा म्हणाला, ‘आम्ही खेळणी बनवतो’, आणि पत्ता निघाला यीवूचा, तर लगेच चोर ठरवू नका. पण समजा की हा बहुधा बाजारातला व्यापारी आहे, कारखानदार नाही. पुढचा प्रश्न तयार ठेवा.

व्यापारी वाईट नसतो, हेही लिहून ठेवा. तुम्हाला दहा प्रकारच्या वस्तू थोड्या थोड्या हव्या असतील तर व्यापारीच बरा, कारखाना तुम्हाला दारात उभं करणार नाही. पण मशीन घ्यायचं असेल, पुढे पार्ट लागणार असतील, तर बनवणारा माहीत असलाच पाहिजे.

पत्ता चिनी लिपीत मागा. आपण पत्ता लहानाकडून मोठ्याकडे लिहितो : घर, मु. पो. कौंडण्यपूर, ता. तिवसा, जि. अमरावती, महाराष्ट्र. चिनी माणूस उलटा लिहितो : देश, प्रांत, शहर, तालुका, रस्ता, क्रमांक, आणि शेवटी माणसाचं नाव. षंग म्हणजे प्रांत, ष म्हणजे शहर, श्येन म्हणजे साधारण तालुका, लू म्हणजे रस्ता, हाव म्हणजे क्रमांक. इंग्रजीत पाठवलेला पत्ता त्याने आपल्या सोयीने फिरवलेला असतो. मूळ चिनी पत्ता मागा, भाषांतराच्या ॲपमध्ये टाका आणि नकाशावर बघा. शेतात निघाला, निवासी इमारतीच्या सोळाव्या मजल्यावर निघाला, तर कारखाना कुठला?

व्यवसाय परवाना मागा. चिनी कंपनीकडे सरकारी परवाना असतो, त्याला ‘यिंग-ये च-चाव’ म्हणतात. त्यावर 18 अंकी-अक्षरी ओळख क्रमांक असतो. हा क्रमांक तिथल्या सरकारी नोंदणी संकेतस्थळावर तपासता येतो. आणि मला आवडणारी गोष्ट ही : त्या परवान्यावर कंपनीच्या पत्त्याच्या रकान्याला ‘चू-सुओ’ म्हणतात. म्हणजे राहण्याची जागा. आपल्या वाक्यातला तोच ‘चू’! कंपनीलाही तिथे ‘तू कुठे राहतेस?’ असंच विचारलंय. त्या अक्षरात डावीकडे उभ्या माणसाची खूण असते, एकदा ओळखायला शिकलात की परवान्यावर बोट ठेवून दाखवाल.

पण सावध. हा नोंदणीचा पत्ता आहे. कारखाना दुसरीकडे असू शकतो. म्हणून कुंग-छांग वेगळं विचारायचं.

नाव वाचा. कंपनीचं नोंदणीकृत नाव चिनी लिपीतच असतं. इंग्रजी नाव त्याने काहीही ठेवलेलं असू शकतं. चिनी नावाची सुरुवात बहुधा गावाने होते आणि मध्ये धंदा लिहिलेला असतो. भाषांतरात ‘माव-यी’ म्हणजे व्यापार, किंवा आयात-निर्यात असं आलं, तर तो व्यापारी. न विचारता उत्तर मिळालं!

बँक खातं जुळवा. परवान्यावरचं नाव आणि खात्याचं नाव एकच हवं. खातं कुणा व्यक्तीच्या नावाचं, किंवा भलत्याच गावच्या कंपनीचं निघालं, तर थांबा. कितीही गोड बोलला तरी थांबा. पैसे पाठवायचे ते बँकेमार्फत, कागदपत्रांसह.

व्हिडिओ कॉल गेटपासून सुरू करा. मशीनपासून नाही, गेटपासून. ‘पाटी दाखवा, मग आत चला.’ पाटीवरची अक्षरं आणि परवान्यावरची अक्षरं जुळतात का बघा. चीनची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, तेव्हा सकाळी दहाचा कॉल म्हणजे त्यांचे साडेबारा, जेवणाची वेळ. जरा आधी लावा. तिकडचे लोक वीचॅट वापरतात, पण ते जून 2020 पासून आपल्याकडे बंद आहे. ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर बोला आणि सगळं लेखी ठेवा.

‘कुठे’चा हिशोब रुपयांत

पत्त्यावर भाव ठरतो, हे बरेच जण विसरतात. भाव ‘कारखान्याच्या दारात’ असेल तर तिथून बंदरापर्यंतचं भाडं तुमच्या अंगावर. भाव ‘बंदरावर जहाजात चढवून’ असेल तर ते भाडं त्याच्या अंगावर. यीवूचा माल निंगबो बंदराहून निघणं सोयीचं. कारखाना आतल्या प्रांतात असेल तर स्वस्त दिसणारं मशीन बंदरापर्यंत येता येता महाग होतं. पुढे न्हावा-शेवा, आणि तिथून ट्रकने किंवा नागपूरच्या कंटेनर डेपोमार्गे आपल्याकडे. हे सगळे टप्पे कागदावर मांडून मगच दोन भावांची तुलना करा.

कायद्यातही ‘कुठे’ आहेच. आयातीसाठी आयईसी क्रमांक लागतो. डीजीएफटीच्या संकेतस्थळावर घरबसल्या निघतो, फी 500 रुपये, आणि दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यातली माहिती अद्ययावत करावी लागते. काही मालाला बीआयएसचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे. खेळण्यांना ते 1 जानेवारी 2021 पासून आहे. आणि परदेशी कारखान्याला मिळणारा हा परवाना त्या ठराविक कारखान्याच्या जागेसाठी असतो. म्हणजे जत्रेत विकायला खेळणी आणायचा विचार असेल तर ‘कुंग-छांग त्साय ना-ली’ हा प्रश्न थेट परवान्याचा आहे. चुकीच्या पत्त्याचा माल कस्टमला अडकला तर बंदरातलं भाडंही तुमच्याच डोक्यावर.

आणि आयात केलेल्या पाकिटावर देशाचं नाव, आयातदाराचं नाव आणि पत्ता छापावा लागतो. म्हणजे शेवटी ग्राहक तुम्हालाही विचारतोच, ‘कोन्या गावचे भाऊ?’ त्याचं उत्तर पाकिटावर ठळक द्या. लपवू नका.

रुक्मिणीने पत्ता कसा दिला होता?

कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर. इथून तिची पालखी आषाढीला पंढरपूरला जाते. लग्न शिशुपालाशी ठरलं तेव्हा तिने कृष्णाला पत्र धाडलं, ही कथा आपण कीर्तनात ऐकलीय. पण ते पत्र धंदेवाल्याच्या नजरेने एकदा ऐका. नुसतं ‘या आणि मला न्या’ असं ती लिहीत नाही. ती सांगते की राजवाड्यात आलात तर माझ्या माणसांशी लढावं लागेल. लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवतेच्या दर्शनाला मी नगराबाहेर अंबिकेच्या देवळात जाणार आहे, तिथे या. जागा सांगितली, वेळ सांगितली, अडचण सांगितली, त्यावरचा मार्गही सांगितला. आणि पत्र विश्वासू माणसाच्या हाती दिलं.

तुमच्या विक्रेत्याकडून तुम्हाला एवढंच हवंय. जागा, वेळ, अडचण, मार्ग.

आजचं काम

एक. ‘छिंग-वन, कुंग-छांग त्साय ना-ली?’ हे वाक्य आज वीस वेळा मोठ्याने म्हणा. घरचे हसतील, हसू द्या.

दोन. तुम्हाला हवी ती वस्तू चीनमध्ये कोणत्या गावात बनते ते शोधून वहीत लिहा.

तीन. ज्या तीन विक्रेत्यांशी बोलणं चालू आहे त्यांच्याकडून चिनी लिपीतला पत्ता, परवान्याची प्रत आणि बँक खात्याचं नाव मागा. तीन रकाने आखा, जुळवा.

चार. या तिन्ही गोष्टी हातात येईपर्यंत एक रुपयासुद्धा पाठवू नका. जो द्यायला कुरकुर करतो त्याला ‘श्ये-श्ये’, म्हणजे धन्यवाद, म्हणून रामराम करा.

माझं मशीन आजही चालतं, जुगाडावर. ज्या कारखान्याने ते बनवलं तो कुठे आहे, हे मला अजून माहीत नाही. तुमच्या मशीनचं गाव मात्र तुम्हाला माहीत असू द्या.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर, निन चू त्साय ना-ली? आपण कुठले, ते कळवा!